हार्झचा धूर

दार उघडलं तेव्हा त्याने आधी वर बघितलं. खाली आम्ही तिघी पडलो होतो. मी उंबऱ्याशी तोंड खुपसून, बाया भिंतीला टेकून एका अंगावर कललेली, आणि माझी नणंद हौशी मधोमध, टांगलेल्या बांगडा माशांच्या खाली उताणी. बाहेर अवकाळी पाऊस नुकता थांबला होता. मला हात उचलता येत नव्हता, पण ऐकू येत होतं आणि एका डोळ्याने दिसत होतं. तो अलिबागहून भिजत आला होता, अंगात त्याचा काळा लोकरी कोट. आमच्यावरून नजर काढून तो आढ्याकडे बघत म्हणाला, "पाखरू कुठं हाय?"

मग तो ओरडला, मग माणसं धावली. पण तोंडातून पहिलं निघालं ते हे.

गावातली नवी पोरं त्याच्या गोष्टी हसत हसत सांगतात. जर्मनमामा असा होता आणि जर्मनमामा तसा होता. ज्यांनी त्याला बघितलंही नाही ती सांगतात. म्हणून मी लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तेवढं.

तो आमच्यातलाच, कोळ्याचाच. तरुणपणी मुंबईला जाऊन मोठ्या आगबोटीवर खलाशी लागला. लढाईत जर्मनांनी ती बोट धरली आणि याला कैद करून आपल्या मुलखात नेलं. घरी काही कळलं नाही. दोन वर्षं वाट बघून घरच्यांनी त्याचे दिवस घातले, बायकोने बांगड्या फोडल्या. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी हा आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरला. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, ती दोन वर्षं कुठे होता ते त्याने कधी सांगितलं नाही. बायकोने बांगड्या पुन्हा भरल्या. तीन वर्षांनी ती किहीमला माहेरी गेली ती गेलीच. 'मेलेला बरा होता' असं ती म्हणाली म्हणतात. मी ऐकलेलं नाही, कारण मी लग्न होऊन आले ती त्याच्या पुढच्या वर्षी. तो माझ्या नवऱ्याचा लांबचा मामा. आमच्या घराच्या मागे त्याचं घर.

घर म्हणजे काय ते सांगते. आमची घरं बसकी, वाऱ्याला वाकलेली. याने छप्पर इतकं उभं केलं होतं की त्यावर टाकलेले माडाचे झाप घसरून अंगणात यायचे. लोक विचारत, "मामा, येवडं उभं कशाला?" तर म्हणे, "बर्फ पडलं तर घसराया पायजे."

"मुरुडात बर्फ?"

"न्हाय पडत. पन छप्पर असंच असतं."

वैशाखात तो कानटोपी घालायचा. सकाळी उठून लाकडं फोडायचा आणि ती रचायची कशी, तर गोल, खालून रुंद, वर निमुळती, सगळी साल बाहेरच्या अंगाला. एक लाकूड उलटं लागलं तर सगळा ढीग मोडून पुन्हा रचायचा. जाळायला काढायचा नाही. आमच्या चुली विझत असायच्या आणि याच्या अंगणात लाकडाचे चार घुमट उभे.

आमच्याकडे हलक्या पांढऱ्या पातेल्यांना जर्मनची पातेली म्हणतात. विहिरीवर भांडी घासताना तो दिसला की बायका पातेलं वाजवायच्या. "मामा, तुमच्या गावचं हाय! वळख देतंय काय बघा!" त्याला राग यायचा नाही, तेच वाईट होतं. तो थांबायचा आणि पोराला समजवावं तसं सांगायचा, "ह्ये न्हाय. त्या डोंगरात चांदी निघायची. हजार वरसं काढतायत, अजून संपली न्हाय."

तो डोंगर म्हणजे हार्झ. हे एक नाव मला नीट म्हणता येतं, बाकीची त्याच्याच तोंडात राहिली. आमच्या मागच्या डोंगराला तो डोंगर म्हणतच नसे. "ह्यो उठवला कुनी, कंटाळून सोडून दिलाय," म्हणायचा. लाकडं आणायला आम्ही बायका वर जायचो तेव्हा हा बरोबर यायचा आणि चालता चालता सुरू व्हायचा. तिथली झाडं काळी, सरळ, सुया असलेली. भर दुपारी खाली अंधार. जमिनीवर पाय टाकला तर आवाज नाही, सुयांची गादी. धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. सगळ्यात उंच डोंगराचा माथा वर्षातले थोडेच दिवस दिसतो, आणि वर्षातून एकदा तिथे मुलखातल्या सगळ्या चेटकिणी झाडूवर बसून नाचायला येतात.

"झाडूवर?" बाया विचारायची. "मंग घर झाडतं कोन?"

बाया म्हणजे आमच्या शेजारची विधवा. तेव्हाच पासष्टीची, तोंडाने तिखट. नवरा आणि मुलगा दोघे दर्याने घेतलेले. तिला मामाची कीव नव्हती आणि भीतीही नव्हती.

डोंगरांच्या पायथ्याला गावं. गावांना तट, तटाला वेस, वेशीवर मनोरा, मनोऱ्यात घड्याळ. घरांची लाकडं भिंतीच्या बाहेरून दिसतात, माणसाच्या बरगड्या दिसाव्या तशी. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, त्यामुळे गल्लीत वर बघितलं तर आभाळाची एक चिंधी. दाराच्या वर लाकडात घर बांधल्याचं साल कोरलेलं, तीनशे वर्षांचं, चारशे वर्षांचं. भिंतींना काळ्या दगडाच्या पातळ खपल्या लावलेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. हे 'माशाच्या खवल्यांसारख्या' माझं नाही, त्याचंच. सांगताना त्याचे डोळे पाणावायचे. कैदेतला माणूस कैदखान्याचं इतकं कौतुक करतो हे मला ऐकवायचं नाही.

एकदा मी सरळ विचारलं, "मामा, तिथं मारायचे काय तुमाला?"

तो लाकूड रचत होता. हातातलं लाकूड साल बाहेर करून बसवत म्हणाला, "घड्याळ फार ग्वाड वाजायचं."

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. जवळा वाळवायला आम्ही खळं करतो, म्हणजे जमीन चोपून शेणाने सारवतो. बायाने एके दिवशी खळं सारवलं आणि टोपली आणायला गेली. येऊन बघते तर हा काठी घेऊन ओल्या शेणावर रेघोट्या काढतोय. रस्ते, चौक, वाकड्या गल्ल्या, सगळ्याला वळसा घालून तट.

"मामा, यो काय घोळ घातलास?"

"गाव हाय."

"कुनाचा?"

"हार्झचा. ही वेस. ह्यो मनोरा. ह्यो बाजार, मधी पान्याचा हौद."

"मंग जवला कुठं घालू? बाजारात?"

"घाल. पन वेशीतनं जा. तटावर पाय टाकायचा न्हाय."

आम्ही चार-पाच जणी होतो, हसून हसून पोटात दुखायला लागलं. बायाने टोपली कमरेवर घेतली आणि मुद्दाम तटावरून पाय टाकून थेट बाजारात गेली. हा असा किंचाळला की दोन घरांची माणसं बाहेर आली. तोंड पांढरं पडलेलं. त्याने बायाचा दंड धरला, तिला मागे ओढलं, तटाच्या बाहेर नेलं आणि वेशीसमोर उभं केलं. "हितनं. येकाच्या मागं येक. हितनंच."

आम्हाला वाटलं बाया आता टोपली त्याच्या डोक्यात घालणार. पण ती गेली वेशीतून. जवळा पसरला, वेशीतूनच बाहेर आली. नंतर मला म्हणाली, "येडा न्हाय गो तो. भ्यालेला हाय." मला पटलं नाही. मला तो शहाणपण मिरवणारा माणूस वाटायचा. गावात दुसऱ्या कुणी न बघितलेलं आपण बघितलं याची घमेंड असलेला. अजूनही पूर्ण पटत नाही.

आता धुराच्या खोलीकडे येते.

एका वर्षी फाल्गुनात अवकाळी आला. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उंच दांड्यांवर, आमचे बोंबील टांगलेले होते, ते सगळे भिजून त्यांत किडे पडले. गाडून टाकावे लागले. आम्ही बायका रडत बसलो होतो तेव्हा हा आला आणि म्हणाला, "हार्झात ऊन नसतंच. तरी मासं, मटन वरसभर टिकतं. धुरात टांगतात." आणि खरंच, महिन्याभरात त्याने जांभ्या दगडाची खोली बांधली. बारा हात लांब, आठ हात रुंद, खिडकी नाही, एक दार, छपरात धूर जायला एक भोक. जमिनीत खड्डा, त्यात लाकडं. लाकडाचे ते घुमट पहिल्यांदा कामाला आले. बांगडे आणि मुशी चिरून, मीठ लावून वर टांगायची. दोन दिवसांत पिवळी धमक व्हायची. वास चांगला होता, मी नाही म्हणत नाही. अलिबागेला एक व्यापारी मिळाला, त्याचा माल मुंबईला जायचा. लोक हसायचे थांबले. मामाच्या कामाला आम्ही तिघी लागलो, मी, हौशी आणि बाया. माझा नवरा खुशीने म्हणाला, जा. हौशीचं लग्न ठरवायचं होतं, ती अठरा वर्षांची होती, चार पैसे हाताशी आले तर बरं असं सासूलाही वाटलं.

कामाला नियम होते. खोलीत शिरताना 'ग्ल्युक आउफ' म्हणायचं, तिथले खाणीतले लोक एकमेकांना असं म्हणतात म्हणे. न म्हणता आत गेलं तर तो बाहेर बोलवून पुन्हा म्हणायला लावायचा. हौशी म्हणायची 'गुळूक आव' आणि तोंड दाबून हसायची. आत शीळ घालायची नाही. लाकूड घालायचं ते साल खाली करून. खोलीत उजवा पाय आधी. छपराचं भोक उघडं ठेवायचं. एक हंडी भात शिजेल त्याच्यावर आत थांबायचं नाही. आणि आत दाराजवळ, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, बांबूच्या पिंजऱ्यात एक मुनिया टांगलेली असायची, ती काढायची नाही.

"मामा, पाखरू कशाला?" हौशीने विचारलं.

"तिथं असतं."

"पन कशाला?"

"त्या डोंगरात घरोघरी पाखरं पाळतात. पिवळी. अशी गातात की मानूस थांबतो. पिंजरं बनवायचा धंदाच हाय तिथं." आणि मग अर्धा तास पिंजऱ्यांविषयी, लाकूड कोणतं, तासतात कसं. कशाला ते सांगितलं नाही.

मी आज हे लिहिते तेव्हा मला त्याची हीच गोष्ट सहन होत नाही. झाडूवरच्या चेटकिणी, सालीची बाजू, उजवा पाय, घड्याळाचा आवाज आणि ते पाखरू, सगळं त्याने एकाच आवाजात सांगितलं. त्यातलं काय गंमतीचं आणि काय जिवाचं, हे आम्ही कसं ओळखायचं? आम्ही सगळंच थोडं थोडं पाळायचो आणि तो नसला की सगळंच सोडायचो.

खोली बांधून वर्ष झालं होतं, चैत्र होता. तो व्यापाऱ्याला भेटायला सकाळच्या गाडीने अलिबागला गेला. पुरुष होड्यांवर. आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस सुरू झाला, वाऱ्यासकट. आदल्या दिवशीचे तीनशे बांगडे आत टांगलेले. छपराच्या भोकातून पाणी थेट बांगड्यांवर आणि खड्ड्यात पडायला लागलं. झाप मी टाकला. शिडी लावून वर चढले, भोकावर झाप टाकला आणि वर दगड ठेवला. लिहायला बसले आहे तर खोटं लिहिणार नाही.

पिंजरा रिकामा होता. हौशीने सकाळीच पाखरू सोडून दिलं होतं. "काल दांडीवरनं खाली पडलं व्हतं वैनी, पाय वर करून. मी भाईर नेलं तर जरा वेळानं उठलं. धुरानं मेलं असतं बिचारं. मामा इचारल तर सांगू मांजरानं नेलं." मी म्हणाले, बरं केलंस. मला खरंच बरं वाटलं होतं, कारण ते बांगड्यांवर हगायचं.

आम्ही बाहेरच्या मांडवात बसलो होतो, तो गळायला लागला. बाया कुडकुडत होती. तिला रात्रीपासून खोकला. म्हणाली, "आत बसू गो, ऊब हाय." मी दार उघडून बघितलं. धूर नव्हता. सगळी लाकडं जळून लाल निखारे झाले होते, स्वच्छ, एक धुराची रेघ नाही. आम्ही धुरातल्या बायका. चुलीचा धूर, धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस आपसूक बाहेर पळतं. धूर वाईट एवढं आम्हाला माहीत होतं. धूर नाही म्हणजे धोका नाही. म्हणून बसलो. वारा पाऊस आत मारत होता, म्हणून बायाने दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.

मला आठवतं ते एवढं की फार बरं वाटत होतं. हौशी बसल्या बसल्या मामाची नक्कल करत होती. "बाया आय, वेशीतनं ये! तटावर पाय टाकायचा न्हाय!" बाया म्हणाली, "थांब, तुझा नवरा बगते हार्झातला. चेटकिनीचा ल्योक." हौशी हसली. मग म्हणाली, "वैनी, माजं डोकं ठनकतंय." मी म्हणाले, पड जरा. ती पडली. बाया गप्प झाली, मला वाटलं डुलकी लागली. मग माझं डोकं जड झालं. मी उठायला गेले तर पाय माझे नव्हते. कडीपर्यंत पोचले, कडी सरकवली असावी, कारण ती नंतर उघडी होती, पण दार उघडायचं बळ राहिलं नाही. तिथेच पडले. दाराची फळी खाली उंबऱ्याला बसत नव्हती, दोन बोटं फट होती. माझं तोंड त्या फटीशी आलं. यात माझं काही शहाणपण नाही.

त्यानंतर तो आला आणि त्याने वर बघितलं.

तिसऱ्या दिवशी गावकी बसली. त्याला मधे उभं केलं. मी अजून भिंत धरून चालत होते, तरी गेले. गावाच्या पाटलाने विचारलं, पाखराचं काय प्रकरण? तेव्हा त्याने पहिल्यांदा सांगितलं. निखाऱ्यांची वाईट हवा दिसत नाही, तिला वास नाही. पाखरू लहान, ते आधी पडतं. ते पडलं की माणसाने पळायचं.

मी म्हणाले, "ह्ये तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

त्याने जे सांगितलं ते कुणीच आधी ऐकलं नव्हतं. तो त्या गावात राहिलाच नव्हता. गावाच्या बाहेर कैद्यांच्या छावणीत होता. रोज पहाटे रांगेने वेशीतून आत, गावातून चालत दुसऱ्या वेशीने डोंगरातल्या खाणीत, आणि संध्याकाळी तसंच परत. घड्याळ, घरं, दारावरची सालं, सगळं त्याने रांगेत चालताना बघितलेलं. मान वळवली तर मार. "खानीत मुकादमाच्या हातात पिंजरा असायचा. मना वाटायचं, त्येंना पाखरं आवडतात. येक दिस पाखरू पडलं. मुकादम पळाला. मी त्येच्या जवळ व्हतो, मी बी पळालो. मागं सात जनं व्हते. तवा कळलं."

"मंग आमाला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. पाखरू काढू नका म्हनून."

"कशाला ते?"

त्याला प्रश्नच कळत नव्हता असं मला वाटलं. "मना तरी कुनी सांगितलं व्हतं? नियम म्हनलं की मानसं पाळतात. तिथं पाळायची."

"तिथं बंदुका व्हत्या," मी म्हणाले.

मी त्याच्या कोटाला धरून त्याला हलवलं. लोकांनी मला मागे घेतलं. बाया भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "सोड गो. आजून त्या रांगेतच हाय तो." मला तेव्हा बायाचाही राग आला. रांगेत तो होता, पण आत आम्ही गेलो.

गावकीने खोली पाडायला सांगितली. त्याने स्वतःच पाडली. जांभ्याचे चिरे अंगणात गोल रचून ठेवले, खालून रुंद, वर निमुळते. गावाने त्याच्याशी बोलणं सोडलं. विहिरीवर आला की बायका कळशी उचलून बाजूला व्हायच्या, पातेली कुणी वाजवत नसे. पाच-सहा वर्षं तो तसा जगला. कुणी न विचारता चालता चालता स्वतःशीच घरांची आणि डोंगरांची वर्णनं करायचा. मेला तेव्हा खांदा द्यायला माझा नवरा गेला, मी घरात बसून मासे निवडले.

गावकी बसली त्या आठवड्यातच माझ्या सासूने मला विचारलं होतं, "भोकावर झाप कुनी टाकला?" मी म्हणाले, "मी." त्यानंतर ती माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. एका घरात नऊ वर्षं. मी तिला दोष देत नाही, पण ते सोपं होतं असंही म्हणणार नाही.

आत आम्ही तिघी गेलो. बाया खोकत खोकत आणखी बारा वर्षं जगली. मी जगले, अजून आहे. हौशी अठरा वर्षांची होती, ती बाहेर काढली तेव्हाच गेलेली होती.